‘शाळा’मधला मुकुंद एवढा चुकतो तरी आवडतो, असं का होतं? (आणि असली अजून पुस्तकं सुचवा)

रंकाळा_वाचक

नमस्कार मंडळी. मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ परवा वाचून संपवली. पुस्तक 2004 चं आणि गोष्ट तर अजून आधीची, 1975-76 च्या आणीबाणीतली, त्यामुळं आपल्याला काय कनेक्ट होणार असं वाटलं होतं पण एकदा हातात घेतल्यावर खाली ठेववेना. आपल्या कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिरातली प्रत आहे, कोपरे पार मऊ पडलेत, म्हणजे आपल्या गावात बऱ्याच जणांनी वाचलेली दिसतेय. म्हणून इथं विचारतोय.

गोष्ट सांगतो तो मुकुंद जोशी, नववीतला. हा काय आदर्श बिदर्श मुलगा नाही. डोकं आहे पण ते भलतीकडं चालतंय, घरी एक सांगायचं आणि मनात दुसरंच, बाईंना आणि सरांना नावं पाडायची, मित्रांसोबत अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगमध्ये जाऊन टाइमपास करत बसायचं, आणि वर्गातली शिरोडकर कुठून येते कुठं जाते कधी जाते याचं सगळं टाइमटेबल पाठ. हेच सगळं मला कुणी शेजारच्या पोराबद्दल सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं कसलं वाया गेलेलं कार्टं आहे. पण वाचताना तसं होतच नाही ना. तो घाबरला की माझ्याच पोटात गोळा येतोय, त्याचा पोपट झाला की मलाच वाईट वाटतंय, आणि शेवटी शेवटी तर असं वाटत होतं की याचं काहीतरी चांगलं व्हावं राव.

आता गंमत नाही, खरा प्रश्न आहे. माझी धाकटी बहीण दहावीत आहे. तिनं पण वाचलं. ती म्हणते तिला मुकुंद अजिबात आवडला नाही, ‘तो मुलीच्या मागं मागं फिरतो आणि तुला ते गोड वाटतंय कारण तू मुलगा आहेस’. जेवताना यावरून आमचं जोरात वाजलं, आई म्हणाली आधी ताटातलं संपवा. पण खरं सांगायचं तर मला तिला नीट उत्तर देता आलं नाही. मला मुकुंद आवडला हे पण खरं आहे आणि ती म्हणते ते पण चूक वाटत नाही.

तर अशी कॅरेक्टर का आवडतात, तुमचं काय मत? आणि अशी अजून कुठली पुस्तकं आहेत, ज्यात मुख्य मुलगा किंवा मुलगी चुका करते पण आपल्याला सोडवत नाही? मराठी असेल तर उत्तम, इंग्रजी पण चालेल.

—

जुना_पेठकर

भावा, पहिलं म्हणजे तू ‘शाळा’ वाचलीस आणि ती पण लायब्ररीतनं आणून, लई बरं वाटलं. आमच्या करवीर नगर वाचन मंदिराला 1850 पासूनचा इतिहास आहे, आणि तिथं अजून विशीतली पोरं कादंबऱ्या नेतात हे ऐकून जीव सुखावला बघ.

तुझ्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर असं. मुकुंद घरात खोटं बोलतो, शाळेत लपवतो, मित्रांपुढं जरा भाव खातो, पण आपल्याशी म्हणजे वाचणाऱ्याशी तो काही लपवत नाही. सगळ्या जगाला फसवणारं पोरगं फक्त तुझ्या कानात खरं काय ते सांगतंय म्हटल्यावर तू त्याच्या बाजूचाच होणार की. पेठेत आमच्यात असंच असायचं, एखादा पोरगा गल्लीभर बदनाम असायचा पण तालमीच्या कट्ट्यावर रात्री ज्याच्यापाशी तो मन मोकळं करायचा त्याला विचारलं तर तो म्हणणार, न्हाई ओ, तसला न्हाई तो. तू मुकुंदसाठी तो कट्ट्यावरचा माणूस झालायस.

म्हणून हीच गोष्ट बोकीलांनी बाहेरनं सांगितली असती, ‘मुकुंद नावाचा एक मुलगा होता, तो असा असा वागायचा’, तर मला नाही वाटत एवढी माया लागली असती. तेव्हा तुझ्या बहिणीचंच म्हणणं सगळ्यांना पटलं असतं. सगळं ‘मी’ मध्ये आहे, आणि तो ‘मी’ पण मोठा होऊन मागं वळून बघणारा नाही, त्या क्षणाला नववीतच असलेला आहे. त्याला पुढं काय होणार ते माहीत नाही. आपल्याला अंदाज येत असतो आणि त्याला येत नसतो, तिथंच काळजात हलतंय.

दुसरी गोष्ट, तो बघतो लई बारीक. सरांना नावं ठेवतो म्हणालास, पण नावं ठेवायला आधी माणूस नीट बघावा लागतो. त्याच्या मित्रांच्या घरी काय परिस्थिती आहे, कोण कशामुळं गप्प बसलाय, त्याचा नरूमामा काय बोलतो आणि काय बोलायचं टाळतो, हे सगळं त्याला दिसतंय. असं बघणारं पोरगं वाईट असू शकत नाही असं आपलं मन धरून चालतंय. ते बरोबर का चूक ते बाजूला ठेव, पण लेखकानं ते करून घेतलंय आपल्याकडनं.

पुस्तकाचं विचारलंस तर आपल्या मातीतलं सांगतो. आनंद यादवांची ‘झोंबी’. कागलचं पोरगं. 1987 चं पुस्तक, साहित्य अकादमी मिळालेलं. नक्की वाच.

—

राजारामपुरी_आठवी_गल्ली

मी तुमच्या बहिणीच्या बाजूनं बोलणार आहे, आधीच सांगते.

मला ‘शाळा’ खूप आवडते. दोनदा वाचलीय, पहिल्यांदा कॉलेजात आणि नंतर मुलगी झाल्यावर, आणि दोन्ही वेळेला वेगळं पुस्तक वाटलं. पहिल्यांदा मी पण मुकुंदच्याच डोळ्यांनी वाचत गेले. दुसऱ्यांदा मात्र सारखं मनात येत राहिलं की शिरोडकरला हे सगळं कसं वाटत असेल. नववीतली मुलगी, आणीबाणीचा काळ, लहान गाव, आणि एक मुलगा रोज आपल्या रस्त्यावर. आमच्या वेळेला महाद्वार रोडवरून क्लासला जाताना मागून दोन सायकली यायच्या. ती मुलं वाईट नव्हती, आज विचार केला तर त्यातला एखादा मुकुंदच असेल, आतून घाबरलेला, साधा, पुस्तकं वाचणारा. पण आम्हाला ते कळायला काही मार्ग नव्हता ना. आम्हाला फक्त सायकलची घंटा ऐकू यायची. आणि घरी सांगावं तर क्लासच बंद व्हायचा, त्या मुलांचं काही नाही. मैत्रिणीचा झाला होता बंद.

म्हणून तुमची बहीण म्हणते ते तुम्ही ‘ती मुलगी आहे म्हणून तिला असं वाटतं’ असं म्हणून बाजूला ठेवू नका. तिनं पुस्तक जास्त नीट वाचलंय असं मी म्हणेन. कारण सगळं पुस्तक मुकुंदच्या डोक्यात आहे, शिरोडकरचं मन आपल्याला कुठंच थेट मिळत नाही, ती काय बोलली, कशी हसली, कुठं बघितलं तेवढंच. बाकीचं वाचणाऱ्यानं स्वतः लावायचं. तुमच्या बहिणीनं ते लावलं.

पण आता दुसरी बाजू पण सांगते कारण मला मुकुंद टाकून द्यायचा नाहीये. सिनेमातल्या हिरोसारखा तो ‘ही माझीच’ म्हणून गुर्मीत फिरत नाही. त्याला तिच्याशी बोलायचंय, नुसतं बोलायचंय, आणि ते जमत नाही म्हणून तो तळमळतो. तिला काय वाटत असेल हा प्रश्न त्याला स्वतःला पडतो, अर्धवट पडतो, चौदा वर्षांच्या मुलाला जेवढा पडेल तेवढाच, पण पडतो. माझ्यासाठी सगळा फरक तिथं आहे. ज्याला समोरच्याचं काय होतंय हा प्रश्नच पडत नाही असा नायक मला कितीही विनोदी असला तरी आवडत नाही. ज्याला पडतो आणि उत्तर चुकतं, त्याच्यासाठी जीव तुटतो.

आता मी कुठलंही असं पुस्तक वाचताना एकच बघते, नायकाच्या चुकीची किंमत कोण भरतंय, आणि ते लेखकाला दिसतंय का. नायकाला नाही दिसलं तरी चालेल, तो लहान आहे. लेखकाला दिसलं पाहिजे. बोकीलांना दिसतंय असं माझं मत आहे, कारण मुलं-मुली बोलली की शाळा, घर, गाव कसं अंगावर येतं आणि ते मुलीच्या अंगावर जास्त कसं येतं हे त्या पुस्तकात आहे. मुकुंदला ते उशिरा कळतं. शेवट इथं लिहीत नाही, ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी.

—

उचगाव_एक्सप्रेस

विषय हार्ड चाललाय 🔥

ताई तुमचं ते ‘किंमत कोण भरतंय’ वाचून लगेच ‘हकलबरी फिन’ आठवलं. मार्क ट्वेनचं, 1884 ला इंग्लंडात आलं आणि 1885 ला अमेरिकेत. आम्हाला डिग्रीला होतं, परीक्षेपुरतं वाचायचं म्हणून घेतलं आणि अडकलो. हक एकदम टुकार पोरगा आहे, शाळा बुडवतो, खोटं तर असं बोलतो की प्रत्येक गावात नवीन नाव आणि नवीन स्टोरी. त्याच्यासोबत तराफ्यावर जिम आहे, गुलामीतून पळालेला माणूस. एका रात्री धुक्यात दोघांची चुकामूक होते, जिम याला शोधून शोधून रडकुंडीला येतो, आणि हक परत आल्यावर काय करतो तर मस्करी. म्हणतो असं काही झालंच नाही, तुला स्वप्न पडलं असेल. जिमला कळतं की आपल्याला उल्लू बनवलं आणि तो त्याला सरळ तोंडावर सुनावतो. मग हक जाऊन माफी मागतो. त्या काळात गोऱ्या पोरानं गुलाम माणसाची माफी मागायची म्हणजे त्याला स्वतःला पण किती जड गेलं ते तो लिहितो, पण मागतो आणि म्हणतो की मागितल्याचं नंतर कधी वाईट वाटलं नाही.

म्हणजे इथं चूक ज्याला लागली त्यालाच बोलायला मिळालं. शिरोडकरला जे मिळालं नाही असं ताई म्हणतायत ते जिमला तेवढ्यापुरतं तरी मिळालं.

आणि अजून एक भारी गोष्ट आहे त्यात. पुढं हक जिमला वाचवायचं ठरवतो तेव्हा त्याला मनापासून वाटतं की आपण पाप करतोय आणि नरकात जाणार, कारण त्याला लहानपणापासून तेच शिकवलंय की पळालेला गुलाम म्हणजे कुणाची तरी चोरलेली मालमत्ता. तरी तो म्हणतो जाऊ दे, जाईन नरकात. आपल्याला कळतंय की हा आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम करतोय आणि त्याला वाटतंय आपण सगळ्यात वाईट. असं उलटं मी दुसरीकडं कुठं वाचलं नाही. भाषा मात्र अवघड आहे, बोलीतली आहे, आणि वर्णद्वेषी शब्द सतत येतात त्या काळचे, ते माहीत असूदे.

रंकाळा भावा, सोपं इंग्रजी पाहिजे असेल तर एस. ई. हिंटनचं ‘आउटसायडर्स’ घे. 1967 चं. लिहिणारी पोरगी स्वतः शाळेत असताना लिहायला लागली होती, म्हणून त्यातली पोरं खरीखुरी पोरांसारखी बोलतात. दोन गटांची मारामारी, एक गरिबांचा एक श्रीमंतांचा, आणि गोष्ट सांगणारा पोनीबॉय चौदा वर्षांचा. गटबाजी काय असते ते आपल्याला समजवायला नको, शाहू स्टेडियमवर पेठांच्या मॅचला बसलेल्या माणसाला ते पुस्तक पहिल्या पानापासून कळणार.

—

निवृत्त_मराठीच्या_बाई

चर्चा वाचून राहवलं नाही. माझी सगळी नोकरी आठवी ते दहावीला मराठी शिकवण्यात गेली, त्यामुळे हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

बाळा, तू अपूर्ण नायकाची पुस्तकं विचारलीस आणि सगळ्यांनी तुला नवी किंवा परदेशी सांगितली. मी तुला आपलं जुनं आणि प्रत्येक घरात असलेलं सांगते. ‘श्यामची आई’ पुन्हा वाच. लोकांच्या मनात श्याम म्हणजे गुणी, आज्ञाधारक, आईचं ऐकणारा मुलगा. पण पुस्तक उघडून बघ. पोहायला जायचं म्हणून हा मुलगा भिऊन माळ्यावर लपून बसतो आणि आई त्याला खाली ओढून बदडते. ‘मोठा होण्यासाठी चोरी’ नावाचं एक प्रकरणच आहे, त्यात तो पुस्तकांच्या ओढीनं पैसे चोरतो. हट्ट करतो, रुसतो, खोटं बोलतो. साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात हे लिहिलं आणि बेचाळीस रात्रींच्या गोष्टींमध्ये स्वतःची चूक झाकावी असं त्यांना कुठे वाटलं नाही. आई थोर दिसते ती श्याम चुकतो म्हणून. तो पहिल्यापासून शहाणा असता तर आईला करायला काय उरलं असतं?

वर्गात हे प्रकरण घेतलं की मुलं एकदम शांत होऊन ऐकायची. कारण त्यातल्या प्रत्येकानं काही ना काही उचललेलं असायचं, कुणी वडिलांच्या खिशातून, कुणी दुकानातून, आणि कुणाला सांगितलेलं नसायचं. एवढा मोठा माणूस हे छापून सांगतोय याचं त्यांना किती अप्रूप वाटायचं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं.

पेठकरांनी एक मुद्दा फार चांगला काढला, मुकुंद मोठा होऊन मागे बघत नाही. श्यामचं नेमकं उलट आहे. तिथे मोठा झालेला श्याम संध्याकाळी आश्रमातल्या सोबत्यांना सांगतोय, त्यामुळे प्रत्येक चुकीवर पुढच्या पश्चात्तापाची सावली आहे. वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असतं की हा मुलगा सुधारणार. मुकुंदच्या बाबतीत तसा दिलासा नाही. म्हणून श्यामवर आपण माया करतो ती थोड्या उंचीवरून, आणि मुकुंदच्या तर शेजारी बाकावर बसावं लागतं. चौदा-पंधरा वर्षांच्या वाचकाला मला दोन्ही द्यावीशी वाटतात. एकटा श्याम दिला तर मुलांना वाटतं की चुकलं की लगेच रडून मोकळं व्हायचं असतं, आणि खऱ्या आयुष्यात तसं रडू येत नाही, मग मुलं गोंधळतात की आपल्यातच काही कमी आहे का.

तुझ्या बहिणीचं कौतुक कर. दहावीच्या वर्षात कादंबरी वाचून त्यावर ठाम मत मांडणारी मुलगी आहे ती.

—

कागलकर_६७

‘झोंबी’चं नाव निघालं आणि आमच्या कागलचं म्हणून लिहितोय.

पेठकरांनी दोन ओळीत उरकलं, थोडं सांगतो. आनंद यादवांचं हे स्वतःचं लहानपण आहे, आत्मचरित्रात्मक कादंबरी. पोराला शिकायचं आहे आणि बाप म्हणतोय शाळा पुरे, रानात कामाला चल. घरात खाणारी तोंडं वाढतच चालल्यात, रान दुसऱ्याचं, कर्ज, उपास, आणि ह्यो एकटा मॅट्रिकच्या मागं लागलाय. आता शहरातल्या माणसाला हा सरळ सरळ हिरो वाटणार, पण आमच्याकडं आमच्या आज्ज्याला हे वाचून दाखवलं होतं तर आज्जा म्हणला, बापाचं पण खरं हाय की. पोरगं शाळेत गेलं तर मोट कोण धरणार, जनावरं कोण बघणार. त्या घरात एक माणूस कमी पडला म्हणजे बाकीच्यांच्या अंगावर काम पडतंय, आईच्या, भावंडांच्या. वर ताईंनी विचारलं ना किंमत कोण भरतंय, इथं पोराच्या चांगल्या गोष्टीची किंमत पण घर भरतंय. चूक नाहीच त्याची, तरी भरतंय.

आणि पुस्तकात बाप मारतोय, आईला पण मारतोय, ते वाचवत नाही काही ठिकाणी. तरी यादवांनी बापाला नुसता राक्षस करून ठेवला नाही, त्याची गरिबी आणि त्याची अडाणी हेकटगिरी दोन्ही दाखवली. पोराच्या मनातला राग पण दाखवला, तो काय मोठ्या मनानं सगळं माफ करत बसत नाही. मला तर ते लई खरं वाटलं.

भाषा आपली आहे, आपल्या रानातली. कोल्हापूरच्या माणसाला वेगळं काही करावं लागत नाही, मोठ्यानं वाचलं की घरातलं कोणीतरी बोलतंय असं वाटतंय. पुढं ‘नांगरणी’, ‘घरभिंती’, ‘काचवेल’ असे पुढचे भाग आहेत, पण सुरुवात ‘झोंबी’नंच कर.

—

रंकाळा_वाचक

बापरे, एवढं सगळं. सगळ्यांना मनापासून थँक्यू.

राजारामपुरी ताई, तुमची पोस्ट मी बहिणीला वाचायला दिली. तिनं दोनदा वाचली आणि म्हणाली, ‘सायकलची घंटा, एवढंच मला म्हणायचं होतं’. मग ती जे बोलली ते लिहितो कारण मला ते महत्त्वाचं वाटलं. ती म्हणते तिला मुकुंदचा राग येत नाही तेवढा, राग याचा येतो की मुलाच्या मनातलं सांगणारं असलं पुस्तक शोधायला कष्ट पडत नाहीत पण मुलीच्या मनातलं, तिच्या पण चुका असलेलं, ती पण खोटं बोलते, ती पण कुणाला तरी बघते, असं मराठीत तिच्या हाताला लागलं नाही. तिला चांगली, सोशिक मुलगी नकोय पुस्तकात. चुकणारी पाहिजे.

यावर कुणाला काही सुचतंय का?

बाई, ‘श्यामची आई’ घरात आहे, माळ्यावरचं प्रकरण मला आठवतच नव्हतं, फक्त पाय पुसायचं तेवढं आठवत होतं. काढतो परत.

—

जुना_पेठकर

बहिणीला माझा नमस्कार सांग. नेमकं बोलली.

चुकणारी मुलगीच नायिका, आणि ती पण कुमारवयातली, असं एकदम हातावर ठेवता येईल असं मराठी पुस्तक मला या क्षणाला आठवंना. पण एक वेगळी वाट सांगतो. ‘मृत्युंजय’ वाचू दे तिला. हसू नका, कुमारांसाठीची कादंबरी नाही ती हे मलाही माहीत आहे, पण आपल्याकडं आठवी-नववीतच पोरं वाचतात, मी पण तेव्हाच वाचली. शिवाजी सावंत आजऱ्याचे, आपल्याच जिल्ह्यातले, पुस्तक 1967 चं. कर्णावर सगळा महाराष्ट्र जीव टाकतो, आणि हाच कर्ण भर दरबारात द्रौपदीबद्दल काय बोलून बसतो ते पण सगळ्यांना माहीत आहे. चुकणारा आणि तरी लाडका असा त्याच्याएवढा दुसरा कोण दाखव.

पण मी सांगतोय ते त्याच्यासाठी नाही. त्या पुस्तकात कर्ण एकटा बोलत नाही. कुंती बोलते, दुर्योधन बोलतो, वृषाली म्हणजे त्याची बायको बोलते, भाऊ शोण बोलतो, शेवटी कृष्ण. सहा जणांच्या तोंडून गोष्ट आहे. म्हणजे नायक स्वतःबद्दल काय सांगतो आणि त्याच्या घरातली बाई त्याच्याबद्दल काय सांगते हे शेजारी शेजारी ठेवून बघता येतं. आणि कुंती तर स्वतः केवढी मोठी चूक उराशी धरून बसलेली बाई आहे, आणि ती चूक तिच्याकडनं अगदी कोवळ्या वयात झालेली. तुझ्या बहिणीला चुकणारी मुलगी पाहिजे ना, कुंतीचा भाग तिनं त्या नजरेनं वाचावा. वर मिळालेली, मंत्र खरा का खोटा बघूया म्हणणारी पोरगीच आहे ती तेव्हा.

—

राजारामपुरी_आठवी_गल्ली

पेठकर, कुंतीचं असं कधी डोक्यात आलं नव्हतं. खरंच, ‘बघूया तरी’ म्हणून केलेली गोष्ट आणि आयुष्यभर गप्प राहायची शिक्षा. आणि ती पण कुणाला सांगू शकत नाही, फक्त वाचणाऱ्याला सांगते. तुम्ही मुकुंदबद्दल म्हणालात तेच की हे.

बहिणीला सांगा, तिला हवंय ते पुस्तक मराठीत कमी आहे हे तिचं निरीक्षण मला पटतं आणि ते मला पण खटकतं. माझी मुलगी सहावीत आहे, दोन-तीन वर्षांत तिला पण हेच पाहिजे असणार. जी मुलगी हुशार आहे पण मैत्रिणीशी वाईट वागली, जिनं घरी मार्कांबद्दल खोटं सांगितलं, जिला कुणी आवडलं आणि ते तिनं स्वतः जाऊन सांगितलं आणि हसं झालं, अशी. आणि शेवटी तिला धडा शिकवून सरळ केलेली नको, जशी आहे तशी पुढं जाणारी. तुमच्या बहिणीनं स्वतः लिहायला घ्यावं असं मला मनापासून वाटतं, हिंटन बाईंनी शाळेत असतानाच सुरू केलं होतं म्हणे वर लिहिलंय. दहावीची परीक्षा झाली की.

—

उचगाव_एक्सप्रेस

+१ ताई. लिहिलं तर पहिला वाचक मी.

एक राहिलं. ‘शाळा’चा सिनेमा पण आहे, सुजय डहाकेचा, 2012 ला थिएटरला आला होता, मराठीतला नॅशनल अवॉर्ड पण मिळालंय. चांगला आहे पण पुस्तकानंतरच बघा. कारण सिनेमात शिरोडकर समोर दिसते, तिचा चेहरा, तिचं बघणं, त्यामुळं तिला पण काहीतरी वाटतंय हे लगेच कळतं. पुस्तकात तुम्हाला फक्त मुकुंद जे सांगेल त्यावर राहायचं. बहीण आणि भावानं दोन्ही बघून परत भांडा, आणि काय झालं ते इथं लिहा.

—

रंकाळा_वाचक

ठरलं. मी शनिवारी लायब्ररीत जाऊन ‘झोंबी’ आणतो, मिळाली तर ‘मृत्युंजय’ पण. बहीण म्हणते ती डायरेक्ट कुंतीच्या भागापासून सुरू करणार, कर्णाचं नंतर वाचणार. चालेल का तसं, का गोंधळ होईल? सिनेमा परीक्षा झाल्यावर बघणार आहोत, आईनं तशी अट घातलीय.

लिहायचं पण सांगितलं तिला. काही बोलली नाही, पण माझी एक कोरी वही मागून घेतली.

—

निवृत्त_मराठीच्या_बाई

चालेल की. गोष्ट सगळ्यांना ठाऊकच आहे, गोंधळ होण्यासारखं काही नाही. फक्त पुस्तक जाडजूड आहे, तेव्हा आत्ता कुंतीपुरतंच वाचू दे आणि बाकीचं बोर्डाचे पेपर झाल्यावर. आणि वाचनालयाची मुदत संपली तर पुन्हा नावावर करून घे, तिला घाईघाईनं परत द्यायला लावू नकोस.